हिरवं पेडल आणि हिरीतला एको

गिटारचं पेडल, म्हणजे आवाज बदलणारा, पायानं दाबायचा डबा, आलं एकदाचं. शुक्रवारी पहाटे पावणेसहाला ट्रॅव्हल्सवाल्याचा फोन, पुण्याचं पार्सल हाय तुमचं, लवकर या, गाडी पुढं उदगीरला जायचीय. मी चूळसुद्धा न भरता गाडी काढली आणि लातूरचा शिवाजी चौक गाठला. त्यानं डिक्कीतून, पोत्यांच्या मधून, एक बुटाचा खोका काढून हातात दिला, सगळीकडून खाकी टेप गुंडाळलेला. घरी येईपर्यंत तो खोका मी गाडीच्या टाकीवर पोटाशी धरून आणलाय, एका हातानं गाडी चालवत.

एमएक्सआर कंपनीचं 'कार्बन कॉपी' नावाचं. ॲनालॉग डिले, म्हणजे गिटारचा एको काढणारं. सेकंडहँड आहे पण आधीच्या माणसानं लई जपून वापरलेलं दिसतंय, ११ हजाराला पडलं. यंदाच्या लग्नसराईत ऑर्केस्ट्राच्या ज्या सुपाऱ्या झाल्या त्यातले पैसे मी हात न लावता बाजूला ठेवले होते, फ्लेक्सच्या दुकानातला पगार घरात जातो, त्यामुळं हे ११ हजार निव्वळ गिटार वाजवून आलेले आहेत आणि गिटारमधेच गेले, याचं मला फार समाधान आहे.

मुठीत मावंल एवढी वस्तू, पण हातात घेतली की वजन कळतं. सगळी बॉडी मेटलची. गडद हिरवा रंग, खिडकीतल्या उन्हात धरलं की रंगाच्या आत बारीक चमकी दिसते. वर तीन नॉब. डिले म्हणजे एको किती वेळानं यायचा, मिक्स म्हणजे किती मोठ्यानं यायचा, आणि रीजन म्हणजे किती वेळा यायचा. एक बारकं मॉडचं बटण, एको हलता करायचं, आणि खाली पायानं दाबायचा स्विच. बस. स्क्रीन नाही, मेन्यू नाही, आकडा दाखवणारं काही नाही. जास्तीत जास्त ६०० मिलिसेकंद, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या थोडं वर.

ज्यांना गिटारचं काही माहीत नाही त्यांना डिले सांगायची गरज मराठवाड्यात तरी नाही. सप्त्याच्या मांडवात कीर्तनाच्या आधी "हॅलो, माईक टेस्टिंग" म्हणलं की शेवटचा "टिंग" चार वेळा फिरून येतो ना, तोच. आपल्याकडं त्याला एको म्हणतात आणि साउंडवाल्याला सगळे एकच सांगतात, एको वाढव. तोच एको गिटारला लावायचा.

पण मला मांडवातला नको होता. मला हिरीतला पाहिजे होता. हे मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. आमचं शेत औसा तालुक्यात आहे, आणि शेतात आजोबांनी खोदलेली आठ परस हीर आहे (एक परस म्हणजे हात वर करून उभा माणूस), वरचे दोन परस दगडानं बांधलेले, खाली नुसता काळा खडक. लहानपणी काठावर पोटावर झोपून मी तासन्‌तास त्यात ओरडायचो. आवाज परत यायचा तो माझा नसायचा. माझा आवाज कोवळा, चिरका, आणि खालून येणारा जाड, ओलसर, कडा घासून गोल झाल्यासारखा. माय लांबून शिव्या द्यायची, मागं सर म्हणून, आणि तिचं ते "सर" पण खालून यायचं. गिटार हातात आली त्या दिवसापासून माझ्या डोक्यात तो आवाज आहे. मोबाईलच्या ॲपमधले डिले वापरून बघितले, मित्राचं डिजिटल पेडल महिनाभर आणून वाजवलं, चांगलंच होतं ते, पण त्यात जे वाजवलं तेच्या तेच लख्ख परत यायचं, झेरॉक्ससारखं. हिरीनं कधी झेरॉक्स दिली नाही.

तर पेडल आलं, आणि चालूच होईना.

अडॅप्टर मी आठवडाभर आधीच आणून ठेवला होता. गंजगोलाईकडच्या एका दुकानातून, ९ व्होल्ट, आणि दुकानदार छातीठोकपणे म्हणाला सगळ्याला चालतंय हे. लावलं, दाबलं, लाईट नाही. परत लावलं, परत नाही. पोटात गोळा आला, म्हणलं ११ हजार गेले. विकणाऱ्याला फोन करायच्या आधी मी चाचांकडं गेलो.

चाचा म्हणजे आमच्या दुकानासमोरचे टीव्ही रिपेअरवाले. आता टीव्ही कोण रिपेअर करतंय, पण त्यांच्याकडं मांडववाल्यांचे ॲम्प्लिफायर येतात, घरघंटीचे बोर्ड येतात, मोटारीचे स्टार्टर येतात. त्यांनी पेडलला हातच लावला नाही. आधी अडॅप्टर घेतला, मीटरची एक पिन मधल्या भोकात, एक बाहेरच्या नळीला, आणि मान हलवली. "बेटा, ह्येच्यात मधी प्लस हाय. तुझं हे मधी मायनस मागायलंय." आणि पेडलवर पिनच्या शेजारी छापलेलं ते बारकं गोलाचं चिन्ह मला बोटानं दाखवलं. मी ते डोळ्यांनी बघितलेलं होतं पण वाचलं नव्हतं. गिटारची जवळपास सगळी पेडलं मधे मायनस, बाहेर प्लस अशी असतात, आणि बाजारातले साधे अडॅप्टर बहुतेक उलटे. ज्याला पहिलं पेडल घ्यायचंय त्यानं एवढं तरी लक्षात ठेवा, कारण सगळ्याच पेडलात उलट्या करंटपासून वाचायची सोय चांगली असंल असं नाही, माझं वाचलं.

चाचांनी मग त्यांच्या मीटरमधलाच ९ व्होल्टचा चौकोनी सेल काढला, पेडलचं मागचं झाकण खोललं, क्लिप लावली, आणि लाईट लागला. मी तिथंच स्टुलावर बसलो.

झाकण उघडंच होतं म्हणून आम्ही दोघं आत बघत बसलो. हिरवी पाटी, ओळीनं बारके भाग, आणि दोन एवढेएवढे ट्रिमर, स्क्रू ड्रायव्हरनं फिरवायचे, ते मॉडसाठी असतात, आवाज किती हलायचा आणि किती वेगानं. चाचा म्हणाले एको किट तर मी पन्नास बसवले असतील, आणि ड्रॉवरमधून एक पाटी काढून दाखवली, वर सोळा पायांची चिप, पीटी २३९९. मांडवातल्या ॲम्प्लिफायरमधे, कराओके मशीनमधे एको देणारी चिप ती हीच. मला हे माहीत होतं की परदेशात हातानं बनवलेल्या महागड्या डिले पेडलांमधे पण कितीतरी ठिकाणी हीच चिप असते, पण चाचांना माहीत नव्हतं, त्यांना सांगितलं तर त्यांनी ती पाटी परत एकदा हातात घेऊन उलटीपालटी करून बघितली. ती चिप आतून डिजिटल आहे, आवाजाचे आकडे करून साठवते आणि परत आवाज करून सोडते. माझ्या पेडलात आकडे होतच नाहीत. चाचांनी विचारलं, मग आवाज ठेवतंय कुठं?

हे मी त्यांना जसं सांगितलं तसंच इथं लिहितो.

२०१६ चा उन्हाळा लातूरच्या माणसाला सांगावा लागत नाही. मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिलमधे मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, १२ एप्रिलला पहिली गाडी, १० वाघिणी, ५ लाख लिटर. आमच्या गल्लीत टँकर आत शिरायचा नाही, तोंडाशीच थांबायचा, मग आम्ही पोरं टँकरपासून शेवटच्या घरापर्यंत ओळीनं उभी राहायचो आणि घागरी हातोहात पुढं जायच्या. कुणीच चालायचं नाही, पाणी चालायचं. आता या ओळीत एक गोष्ट होती, तुमच्या हातात भरलेली घागर असताना तुम्ही दुसरी घेऊ शकत नाही, म्हणून एकाआड एक माणूस रिकाम्या हाताचा असायला लागतो. कुणीतरी "हं" म्हणायचं आणि सगळ्या घागरी एकदम एक हात पुढं सरकायच्या.

पेडलच्या आतली चिप म्हणजे हीच ओळ. तिला नावच बकेट ब्रिगेड, बादल्यांची रांग, आग विझवायला लोक उभे राहायचे त्यावरून ठेवलेलं. १९६९ मधे फिलिप्सच्या दोन संशोधकांनी, सँगस्टर आणि टीर यांनी, ही कल्पना काढली. माणसांच्या जागी बारके कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, पाण्याच्या जागी चार्ज, आणि "हं" म्हणणाऱ्याच्या जागी क्लॉक, म्हणजे एका वेगानं ठोके देणारं सर्किट. तुम्ही तार छेडली की त्या क्षणाचा आवाज एका घागरीत भरला जातो, आणि एकेक हात पुढं सरकत शेवटच्या घरी पोचतो, पोचायला लागलेला वेळ म्हणजे तुमचा डिले. पुढं गाजलेल्या एमएन ३००५ या चिपमधे अशी ४०९६ घरं होती. एकाआड एक रिकामं, म्हणजे २०४८ पावलं, आणि क्लॉकनं सेकंदाला १०,००० वेळा "हं" म्हणलं की आवाज पोचायला साधारण २०५ मिलिसेकंद. जास्त वेळ पाहिजे तर क्लॉक सावकाश करायचा.

आणि माझ्यासाठी खरी गंमत पुढं आहे. घागरी हातोहात जाताना पाणी हिंदकळतं, सांडतं. शेवटच्या घरच्या आजीला कधी काठोकाठ घागर मिळाली नाही. चार्जचं पण तसंच होतं, थोडं थोडं गळतं, आणि क्लॉक सावकाश असला की आवाजातला वरचा चिरका भाग त्याला पकडताच येत नाही, म्हणून तो भाग आधीच फिल्टर लावून काढून टाकावा लागतो, नाहीतर खरखर येते. त्यामुळं परत येणारा आवाज जरा अंधारलेला, जाड, कडा घासलेला येतो. आणि रीजनमुळं तोच आवाज परत ओळीच्या सुरुवातीला घातला की तो दुसऱ्या फेरीत आणखी घासून येतो, तिसऱ्या फेरीत आणखी. ज्याला इंजिनिअरनं दोष म्हणावं तेच मला पाहिजे होतं, कारण हीर पण तेच करती.

चाचा म्हणाले, "मग ह्येला चांगला करंट पाहिजे. भेसळ नको." अन् त्यांनी दुपारभर बसून मला सप्लाय बनवून दिला. १२ व्होल्टचा जुना जड ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, मोठा कपॅसिटर आणि पुढं ७८०९ रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज बरंच नाचलं तरी बाहेर ९ च. आमच्याकडं संध्याकाळी व्होल्टेज काय नाचतं ते सांगायला नको. वायर सोल्डर करताना त्यांनी तीनदा मधे मायनस, मधे मायनस असं पुटपुटलं आणि वर काळी स्लीव्ह चढवून लायटरनं शेकली. दीडशे रुपये घेतले. मी दोनशे दिले तर पन्नास परत केले.

रात्री घरी लावलं. गिटारमधून आधी ट्यूनर, मग माझं जुनं केशरी बॉस डीएस-१, आवाज फाडणारं डिस्टॉर्शन पेडल (हे मॉडेल १९७८ पासून आहे आणि अजून तसंच मिळतं), मग सगळ्यात शेवटी हे. डिले शेवटीच. डिस्टॉर्शनच्या आधी डिले लावला तर मूळ आवाज आणि त्याचे एको सगळे एकत्र चिरडले जातात, चिखल होतो. आधी आवाज फाडायचा, मग फाटलेल्या आवाजाचा एको काढायचा, मग प्रत्येक एको वेगळा ऐकू येतो.

पहिला सूर मी खालच्या ई तारेवर मोकळा छेडला. आणि खालून आला. जाड, ओलसर. मी दुसऱ्यांदा छेडलाच नाही, तो विरेपर्यंत बसून राहिलो, मग मिक्स थोडा वाढवला आणि परत एकदाच छेडला. बायकोनं दारातून विचारलं, "झालं का मनासारखं?" मला बोलताच येईना, नुसती मान हलवली.

रात्रीचे दीड वाजले. रीजन पूर्ण उजवीकडं नेला की एको विझतच नाही, एकावर एक चढत जातो आणि नुसता घुमायला लागतो, तेव्हा डिलेचा नॉब फिरवला की सगळा आवाज वरखाली सरकतो, कारण क्लॉकचा वेग बदलतो, घागरी आधीच ओळीत असतात आणि "हं" एकदम जलद किंवा सावकाश व्हायला लागतं. शेजारचे काका सकाळी विचारायलेत, रात्री इमान गेलं का रे लई खालून?

ताल जमवायचं काम कानानं करावं लागतं, कारण पायानं टॅप करून वेळ ठरवायची सोय यात नाही. हिशोब सोपा आहे, ६०,००० ला गाण्याच्या बीपीएमनं, म्हणजे मिनिटाला किती ठोके त्यानं, भागायचं. १०० चं गाणं असलं की एक ठोका ६०० मिलिसेकंद, म्हणजे हे पेडल पूर्ण उघडं. १२० चं असलं की ५०० आणि त्याचा पाऊण, म्हणजे ३७५ ठेवला की साधे सरळ सूर वाजवले तरी मधे मधे एको पडून घोड्याच्या टापांसारखी चाल तयार होते. मी गिटारची लाईन मोबाईलवर रेकॉर्ड केली, लाटेतलं अंतर मोजलं आणि बायकोच्या नेलपॉलिशनं नॉबच्या कडेला ठिपके दिले. लाल ठिपका ३७५, गुलाबी ५००.

रविवारी शेतात गेलो. गिटार, पेडल, सेल घातलेला, आणि बॅटरीवर चालणारा बारका ॲम्प. अप्पा बैलं सोडून लिंबाखाली बसले होते. "ह्ये काय आणलाव?" म्हणाले. मी म्हणलं, हीर मोजायचीय. त्यांना वाटलं पाणी मोजायचंय, तर ते दोर आणि लोखंड बांधून सोडायला लागले, आणि बरंच झालं, कारण मला तेही पाहिजे होतं. मे महिना, पाणी ५२ फुटांवर. मी काठावर मोबाईल ठेवून रेकॉर्डिंग चालू केलं आणि अप्पांना म्हणलं एक टाळी वाजवा, एकच, जोरात. त्यांनी वाजवली. घट्टे पडलेले हात, फटाक्यासारखी वाजली, आणि खालून परत आली.

आवाज सेकंदाला साधारण ११२५ फूट जातो. खाली ५२, वर ५२, एकूण १०४ फूट, म्हणजे ९२ मिलिसेकंद. मोबाईलवर दोन टाळ्यांच्या मधे ९० च्या आसपास आलं. मी पेडलचा डिले डावीकडं आणत आणत तिथं आणला, मिक्स निम्म्याच्या वर, रीजन एक-दोनच वेळा येईल एवढा, आणि गिटारवर तार दाबून टाळीसारखा एक खट्ट आवाज काढला. अप्पा बसल्या जागी हिरीकडं वळले. त्यांना वाटलं खालून आला. मग पेडलकडं बघितलं, मग माझ्याकडं. "ह्येच्यात हीर हाय व्हय," म्हणाले, आणि मला परत वाजवायला लावलं, आणि परत, आणि मग उठून हिरीत वाकून त्यांनी स्वतः "हो" असा आवाज दिला आणि कान देऊन दोन्ही ताडून बघितले. "हिरीचा जरा जास्त गार हाय," म्हणाले. बरोबर आहे त्यांचं. खडकाचा गारवा कपॅसिटरमधे येत नाही, पण जवळ आलाय, फार जवळ आलाय. तिथं मी पांढरा ठिपका दिला.

मग चाकूरकडं हळदीचा कार्यक्रम झाला, तिथं पहिल्यांदा स्टेजवर लावलं. पांढऱ्या ठिपक्यावरच. ९० मिलिसेकंदाचा एको वेगळा एको म्हणून ऐकू येत नाही फारसा, गिटार दोन जणं वाजवायलेत असं वाटतं, सूर अंगावर येतो, ढोलकीच्या बाजूला गिटार कधी नव्हे ती दिसायला लागली म्हणा. फक्त साउंडवाल्यानं सवयीनं माझ्या चॅनलला पण त्याचा एको सोडला होता आणि पहिल्या गाण्यात एकोवर एको होऊन सगळा काला झाला. मधे जाऊन त्याच्या कानात सांगितलं, भाऊ, माझी लाईन कोरडी ठेव, एको मी घरून आणलाय. त्याला पटलं. दुसऱ्या गाण्यापासून जमलं, आणि निवांत गाण्याच्या मधल्या तुकड्यात मी लाल ठिपक्यावर गेलो तेव्हा आमच्या की-बोर्डवाल्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं, दहा वर्षं सोबत वाजवतोय आम्ही, त्यानं असं बघितलेलं मला आठवत नाही.

हे सगळं लिहायचं राहूनच गेलं होतं. आज लिहायला बसलो कारण सकाळी अप्पांचा फोन होता. तीन दिवस पाऊस चाललाय तिकडं, सोयाबीन बरी आहे, ओढा वाहायलाय. मग म्हणाले, "हिरीला पाणी आलंय, दोर सोडून बघितला, एकवीस फुटांवर. टाळी वाजवली तर काहीच येईना बघ. तुझी ती पांढरी खूण चुकली आता." मी फोनवरच हिशोब केला, ४२ फूट, ३७ मिलिसेकंद, एवढ्या जवळ आलेला एको कानाला वेगळा कळतच नाही, मूळ आवाजातच मिसळून जातो. अप्पांना सांगितलं, बरोबर आहे, पाणी वर आलं की असंच होतंय. "मग येऊन नवी खूण कर," म्हणाले, "पेरूबी आलेत झाडाला." रविवारी जायलोय. नेलपॉलिश निळी घेतलीय.